उमरीत इंग्रजी बोला
फक्त इंग्रजी येणाऱ्या नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शक

हे मार्गदर्शक कोणासाठी?

मराठी माणसाला इंग्रजी शिकवणारी पुस्तकं पैशाला पासरी मिळतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या घासल्या गेल्या. पुढं तीस दिवसांत फाडफाड बोलायला लावणारी पुस्तकं एसटी स्टँडवरच्या गाड्यावर आली आणि चिक्कीशेजारी विकली गेली. पण ज्याला इंग्रजी उत्तम येते, आणि उत्तम येते म्हणूनच उमरीत उतरल्यावर काही कळत नाही, अशा माणसाची दखल कोणी घेतली नाही. बदली होऊन आलेला परप्रांतीय बँक अधिकारी, पुण्यात वाढलेला जावई, सर्वेक्षणाला आलेली संशोधक मुलगी, परदेशातून सुट्टीला आलेला पुतण्या, या सर्वांची सोय व्हावी म्हणून हा उद्योग.

उमरी हे नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नांदेडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या रेल्वेवर मुदखेड आणि धर्माबादच्या मधलं. कापसाचा मोंढा, जिनिंग, तहसील, शाळा-कॉलेज, दवाखाने असं सगळं आहे. धर्माबाद ओलांडलं की तेलंगण लागतं. बोली मराठी, तिच्यात दखनी आणि तेलुगू मिसळलेली. आणि वाक्यागणिक इंग्रजी. तिसरी शिकलेली आजीसुद्धा दिवसभरात पन्नासेक इंग्रजी शब्द सहज वापरते, फक्त ती इंग्रजी बोलते हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. तुम्हीही सांगू नका.

पूर्वतयारी म्हणून शब्दकोश पेटीत ठेवा. सोबत आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स बाळगा. या अभ्यासक्रमात त्या कधी लागतील सांगता येत नाही.

धडा पहिला : उच्चार

शब्द कुठून आला ते कळलं की उच्चार आपोआप जमतो. हा मुलूख इंग्रजांचा नव्हता, हैदराबादच्या निजामाचा होता. कचेरीत उर्दू चाले, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिकवणं उर्दूतूनच होई. इंग्रजीला इकडं वाट मिळाली ती मुख्यतः रुळांची. १९००च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मीटर गेज गाडी सुरू झाली आणि डब्यांबरोबर शब्द उतरले. ते वर्गात नव्हे, हमालाच्या आणि गार्डाच्या तोंडून शिकले गेले. म्हणून प्लॅटफॉर्मचा फलाट झाला, सिग्नलचा शिंगल झाला. कंदिलात घालायचं 'रॉक ऑइल' राकेल होऊन घरोघरी गेलं आणि त्याचं माहेर सगळे विसरले.

नियम पहिला : शब्दाच्या तोंडाशी जोडाक्षर असेल तर ते फोडा. दोन रीती मान्य आहेत. एक, पहिलं अक्षर गाळून 'टेशन' म्हणणं. दोन, दखनी थाटात पुढं 'इ' लावून 'इस्टेशन', 'इस्कूल', 'इस्पेशल' म्हणणं.

नियम दुसरा : जुना शब्द घरचा करून बोलावा, नवा शब्द आला तसा बोलावा. राकेल म्हणणारे आबा 'ओटीपी' मात्र एकेक अक्षर सुटं करून म्हणतात. राकेलचा उच्चार काहीही केला तरी दिवा लागत होता. ओटीपीचा एक आकडा हुकला तर पैसे अडकतात.

नियम तिसरा : कोणाचा उच्चार सुधारायला जाऊ नका. तुम्ही इथं शिकायला आला आहात.

धडा दुसरा : मापं

तुमच्या इंग्रजीत ज्या वस्तू आहेत त्यातल्या बऱ्याच उमरीत मापं आहेत. हा धडा नीट केल्याशिवाय शेतकऱ्याशी बोलायला जाऊ नये.

बॅग : खांद्याला लावायची वस्तू नव्हे, जमिनीचं माप. "यंदा सोयाबीन किती?" असं विचारलं तर उत्तर एकरात येत नाही. "पाच बॅगा" असं येतं, म्हणजे बियाण्याच्या पाच बॅगा पेरल्या एवढं रान. उताराही बॅगेवरच मोजतात. "बॅगला सात पडले" म्हणजे एका बॅगेच्या पेऱ्यात सात क्विंटल माल निघाला. हे ऐकून "कुठं पडले?" असं विचारणाऱ्या पाहुण्याला चहा मिळतो, पण पुढची माहिती मिळत नाही.

पंप : विहिरीवरची मोटर असते, पंप पाठीवर असतो आणि तोही माप असतो. "एकरी आठ पंप लागले", "पंपाला तीस मिली टाका". टाकायचं ते 'औषध', कारण पिकाच्या विषालाही इथं औषधच म्हणतात. मारल्यावर तीन दिवसांनी अळी खाली पडली तर 'रिझल्ट आला', नाही पडली तर 'रिझल्ट नाही'. दहावी-बारावीचा रिझल्ट वर्षातून एकदा लागतो, अळीचा खरीपभर लागत असतो.

ट्रिप : सहल नव्हे. मुरमाची, शेणखताची किंवा वाळूची एक ट्रॉली. "बांधकामाला चाळीस ट्रिपा लागल्या" यात कोणीही फिरायला गेलेलं नाही. त्याच वाळूचं सरकारी माप ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. ट्रिपेत किती ब्रास बसते याचं उत्तर विकणारा, घेणारा आणि तलाठी यांच्याकडं वेगवेगळं असतं.

मॉइश्चर : हे माप कळायला मोंढ्यात उभं राहावं लागतं. कापसाची गाडी लागते, एक माणूस मीटरची दांडी ढिगात खुपसतो आणि आकडा वाचतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर ८ टक्के ओल असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढं टक्क्यागणिक कपात, १२च्या वर गेलं की माल परत. खासगी व्यापारी दांडी वापरतोच असं नाही. तो कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस बाहेर काढतो, दाबतो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "मॉश्चर हाय, मालक." त्या वेळी ज्याच्या कपाळाला घाम फुटतो त्याचं मॉइश्चर कोणी मोजत नाही.

बीटी : जिवाणूचं नाव होतं, आता पिकाचं आहे. २००२ साली या वाणाला देशात परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत कापूस आणि बीटी हे समानार्थी झाले. "बीटी कसंय?" असं विचारलं तर पऱ्हाटी कशी आहे ते सांगायचं.

धडा तिसरा : एका शब्दाची अनेक कामं

गरीब घरात एकच धोतर नेसायला, पांघरायला आणि बाजाराचं गाठोडं बांधायला वापरतात, तसे इथं काही शब्द वापरले जातात. 'लाईन' हा त्यातला मुख्य.

"लाईन गेली" म्हणजे वीज गेली. "लाईनच्या पलीकडं" म्हणजे रुळांपलीकडं. "लाईनला उभा" म्हणजे रांगेत. "पोरगं कोणत्या लाईनला हाय?" म्हणजे काय शिकतंय किंवा कोणत्या धंद्यात आहे. "लाईन मारतंय" म्हणजे शिकतही नाही आणि धंदाही करत नाही. सरावासाठी हे वाक्य मोठ्यानं वाचा : "लाईनपलीकडच्या पोरानं लाईन मारायच्या नादात चांगली लाईन सोडली, आता लाईन गेली की मोबाईलला रेंज न्हाई म्हणून बोंबलतंय." अडखळला नाहीत तर पुढं चला.

दुसरा शब्द डीपी. शहरात डीपी म्हणजे मोबाईलवरचा फोटो. उमरीच्या शिवारात डीपी म्हणजे शेतातल्या खांबांवर बसवलेलं रोहित्र, ज्यावर वीस-पंचवीस मोटारी चालतात.

"आण्णा, डीपी बदलला का?"
"कुठला बदलतोय? आठ दिस झाले जळून. वर्गणी गोळा करायलाव."

वर्गणी कशाला, हे नवशिक्यानं विचारू नये. जळालेला डीपी उतरवायला, न्यायला, आणायला आणि परत चढवायला ट्रॅक्टर लागतो, माणसं लागतात, चहापाणी लागतं. नवा डीपी चढल्याच्या दिवशी जो आनंद होतो तो शहरात फोटो बदलणाऱ्याला कधी झालेला नाही. मग शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन रानात जायचं, थ्री फेज आली का बघायचं आणि स्टार्टर दाबायचा. 'सिंगल फेज' आली तर घरातला बल्ब लागतो, मोटर लागत नाही. म्हणून ज्या माणसाला बोलता येतं पण कामाचा उरक नाही, त्याला गावात सिंगल फेज म्हणतात.

तिसरी जोडी हाफ आणि फुल. संध्याकाळच्या दुकानातला तिचा अर्थ तुम्हाला माहीत असेल, तो इथंही तोच आहे. एसटीतला अर्थ मात्र अलीकडं बदलला. पूर्वी "एक फुल, एक हाफ" म्हणजे बाप आणि लेकरू. १७ मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. आता "एक फुल, एक हाफ" म्हणजे नवरा-बायको. साठीची मावशी पदर सावरत "एक हाफ द्या" म्हणते तेव्हा तिच्या आवाजात जो ठसका असतो, तो फुल तिकीट काढणाऱ्या तिच्या मालकांच्या आवाजात नसतो. कंडक्टरला 'मास्तर' म्हणावं. 'वाहक' हा सरकारी मराठी शब्द गाडीवर रंगवलेला आहे, तोंडात कोणाच्या नाही.

धडा चौथा : दवाखाना

या धड्यात अर्थ उलटे होतात, म्हणून सावध राहा.

'पॉझिटिव्ह' वाईट. 'निल' चांगलं. "रिपोर्ट निल आला" म्हटलं की पेढे वाटावेत. 'नॉर्मल' हा शब्द माणसाच्या स्वभावाला लावत नाहीत, तो बाळंतपणाला लावतात : "सून नॉर्मल झाली." यावरून आधी ती कशी होती अशी शंका काढू नये. "मला बीपी आहे" म्हटल्यावर "ते तर सगळ्यांनाच असतं" असं म्हणणारा डॉक्टरसुद्धा इथं टिकत नाही. बीपी म्हणजे वाढलेलं बीपी, शुगर म्हणजे वाढलेली शुगर. ज्याचं वाढलेलं नाही त्याला ते नाहीच.

'पॉवर' म्हणजे इंजेक्शन किंवा सलाईनमधून अंगात शिरणारी ताकद. सलाईन लावल्याशिवाय डॉक्टरनं काही केलं असं पेशंटला वाटत नाही, आणि पाहुणे भेटायला आले की बाटलीकडं बघून "कितवी?" असं विचारतात.

सगळ्यात जड शब्द 'रेफर'. "रेफर केलं" म्हणजे इथं होणार नाही, नांदेडला न्या. हा शब्द कानावर पडताच घरात तीन गोष्टी एकदम सुरू होतात. एकजण गाडी बघतो, एकजण पैसे बघतो आणि एकजण विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात कोण ओळखीचं आहे ते बघतो. तिथून हैदराबादला रेफर झालं तर चौथी गोष्ट सुरू होते, ती म्हणजे रान गहाण ठेवायची. नवशिक्यानं हा शब्द संदर्भग्रंथाच्या अर्थानं कधीही वापरू नये.

धडा पाचवा : शाळा आणि सोयरीक

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधीची पिढी पाचवीत एबीसीडी गिरवणारी. ही पाचवीवाली पिढी आज पालक आहे आणि लेकराला 'इंग्लिश मीडियम'ला घालते. बासरच्या सरस्वतीपुढं पाटीवर अक्षर गिरवून घ्यायचं आणि येत्या जूनला एलकेजीची फी भरायची, असा दुहेरी बंदोबस्त असतो.

'कॉपी' म्हणजे प्रत नव्हे. प्रतीला झेरॉक्स म्हणतात. कॉपी परीक्षेत करतात किंवा पुरवतात. २०१०च्या आसपास तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी नांदेड जिल्ह्यात कॉपीमुक्त परीक्षांची मोहीम चालवली. तेव्हा या शब्दाला एवढी धार आली की दुकानदारही काही काळ "कॉपी काढून द्या" म्हणणाऱ्याकडं संशयानं बघत असावेत.

'पॅटर्न' म्हणजे लातूर. राजर्षी शाहू महाविद्यालयातून गाजलेल्या अभ्यासाच्या पद्धतीला 'लातूर पॅटर्न' नाव पडलं आणि तेव्हापासून हा शब्द शिवणकामातून शिक्षणात आला. आता पॅटर्न म्हणजे पोराला पेटीसकट लातूरला किंवा नांदेडला नेऊन ठेवणं. तिथं वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेची तयारी : १८० प्रश्न, ७२० गुण. पहिल्या वर्षी जमलं नाही तर पोरगं 'रिपीटर'. हा शब्द इथं सन्मानानं उच्चारतात, कारण रिपीटर बॅचची फी फ्रेशरपेक्षा कमी नसते. दोन वर्षांनंतर शब्द बदलतो : 'गॅप'.

मग 'करणे' सुरू होतं.

"पोरगं काय करायलंय?"
"एमपीएससी करायलंय."

यात 'करणे' हे क्रियापद परीक्षा देणं, देत राहणं, अभ्यासिकेत बसणं, अभ्यासिकेत न बसणं या सर्वांना पुरतं. वय विचारू नये.

सोयरिकीला गेलात तर 'बायोडाटा' म्हणजे नोकरीचा नव्हे, लग्नाचा. त्यात उंची, रास, मामाचं आडनाव आणि किती एकर ओलिताचं हे असतं. 'पार्टी' म्हणजे समोरचं घराणं : "पार्टी चांगली हाय." 'पॅकेज' पुण्यातल्या मुलाला असतं, 'पेमेंट' उमरीतल्या मास्तरला असतं, दोन्हींचा अर्थ पगार. 'पर्मनंट' हा शब्द मात्र दोघांपेक्षा वरचा. पॅकेज बारा लाखाचं असलं तरी मुलीचा बाप विचारतो, "ते खरं, पण पर्मनंट हाय का?" या प्रश्नाला पुण्यातल्या भल्याभल्या कंपन्यांकडं उत्तर नाही.

लग्न झालं की 'मिस्टर' आणि 'मिसेस'. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी रीत असलेल्या घरांत 'मिस्टर' हा शब्द देवासारखा धावून आला. "आमचे हे" म्हटलं तर बँकेतल्या माणसाला कळत नाही, नाव घेतलं तर सासूला कळतं. "आमचे मिस्टर" म्हटलं की दोघंही गप्प. इंग्लंडात ज्या शब्दापुढं नाव लावावंच लागतं, तो उमरीत नाव टाळण्यासाठी वापरतात.

'थँक्यू' घरच्या माणसाला म्हणू नये, त्याला राग येतो. 'सॉरी' एसटीत पाय पडल्यावर चालतं, बांध कोरल्यावर चालत नाही.

धडा सहावा : क्रियापदं

उमरीत इंग्रजीची क्रियापदं लागत नाहीत. नाम इंग्रजी घ्यायचं आणि क्रियापद घरचं जोडायचं. त्यातही दोन गट पडतात, आणि हा फरक ज्याला कळला त्याला उमरी कळली.

पहिला गट करणे, मारणे, लावणे. उदाहरणं : फोन मारला. फिल्डिंग लावली. सेटिंग केली. ॲडजस्ट केलं. मॅनेज केलं. मॅटर मिटवला. या सर्व वाक्यांत कोणीतरी हाडामांसाचा माणूस आहे. "तात्यानं मॅनेज केलं" म्हटलं की तात्या कोण, त्यानं कोणाला काय दिलं आणि त्याच्या बदल्यात पुढच्या निवडणुकीत काय द्यायचं आहे, हे सगळं ऐकणाऱ्याला कळतं. काम सरळ असेल, वाकडं असेल, पण त्याला धनी आहे.

दुसरा गट होणे, लागणे, येणे, राहणे. उदाहरणं : सर्व्हर डाऊन झाला. खात्याला होल्ड लागला. नाव रिजेक्ट झालं. फाईल पेंडिंग राहिली. एरर आला. व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्यं शुद्ध आहेत. कर्ता आहे : सर्व्हर, होल्ड, एरर, फाईल. पण यांतल्या एकाशीही भांडता येत नाही. वाक्यात कर्ता आहे, खुर्चीत नाही.

धडा सातवा : काउंटर

हा धडा मोठा आहे, कारण रांग मोठी आहे.

उमरी आणि बँक यांचं नातं जुनं. ३० जानेवारी १९४८ रोजी, निजामाविरुद्धच्या लढ्याला पैसा हवा म्हणून स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. पुढं सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं. आज त्याच गावात स्वतःच्याच खात्यातला पैसा काढायला माणूस सकाळी साडेनऊला रांगेत बसतो. हत्यारं बदलली आहेत : आधार, पासबुक आणि अंगठा.

पुढचा संवाद ऐका. बँकेचं नाव सांगत नाही. कोणत्याही शाखेत जा, संवाद हाच आहे.

"आबा, थंब मॅच होईना."
"मग?"
"परत ठेवा. पुसून ठेवा."
आबा धोतराला अंगठा पुसतात. ठेवतात.
"न्हाई घेत. दुसरं बोट."
दुसरं बोटही होत नाही. साठ वर्षं कापूस वेचलेल्या, कासरा ओढलेल्या, खुरपं धरलेल्या हाताच्या रेषा उरलेल्या नसतात. यंत्राला रेषा लागतात.
"आता काय करावं, साहेब?"
"आधार अपडेट करून या."
"ते कुटं?"
"सेंटरला. पण आज सर्व्हर डाऊन हाय."

या संवादात साहेबांनी नकार दिलेला नाही, हे नीट लक्षात घ्या. बोट 'मॅच झालं' नाही, सर्व्हर 'डाऊन झाला'. साहेब आबांइतकेच हताश आहेत, फरक एवढाच की पंखा त्यांच्या बाजूला आहे. आबाही त्यांच्यावर चिडत नाहीत. घरी जाऊन सांगतात, "सर्व्हर न्हाई म्हणला." म्हणजे आबांनी त्या शब्दाला माणूस करून टाकलं. तो कुठंतरी बसलेला, वरचा, मोठा साहेब आहे आणि आज त्याची मर्जी नाही.

पाठ करायचे शब्द :

केवायसी : आपण जिवंत आणि आपणच आहोत याचा पुरावा. एकदा देऊन संपत नाही. आईला लेकरू ओळखायला पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही, योजनेला लागतं.

होल्ड : अनुदान खात्यात आलेलं दिसतं पण काढता येत नाही ती अवस्था. जुन्या कर्जापायी बहुधा लागतो. लावणाऱ्याचं नाव पासबुकात छापून येत नाही.

सिबिल : २००० साली स्थापन झालेल्या एका कंपनीचं नाव, आता माणसाचा गुण. ३०० ते ९०० या मापात माणूस कुठं बसतो ते सांगतो. "त्याचं सिबिल खराब हाय" हे चारित्र्याविषयीचं वाक्य आहे आणि ते सोयरीक मोडण्याइतकं जड होत चाललं आहे. सरळमार्गी माणसाचंही सिबिल खराब असू शकतं. त्याला दोन सलग पावसाळे पुरतात.

बेबाकी : हा इंग्रजी शब्द नाही, पण इंग्रजी येणाऱ्याला तो लागेल. कर्ज मागायला गेलात तर इतर बँकांचं काही देणं नाही असा दाखला. पाटीवर 'नो ड्यूज' लिहिलेलं असतं, तोंडात बेबाकी असते. निजामाच्या दफ्तरातून राहिलेला शब्द आहे.

या शेवटच्या शब्दापाशी थोडं थांबा. आबांच्या वडिलांना कचेरीतून कागद यायचा तो उर्दूत. तो घेऊन वाचून देणाऱ्याकडं जावं लागे. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मराठवाड्यातल्या जुन्या दफ्तरातली उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं पुन्हा शोधावी लागली. मधल्या काळात १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६४चा राजभाषेचा कायदा झाला, कागद मराठीत आला. मात्र ती मराठीही 'उपरोक्त विषयान्वये' असं बोलायची. आता आबांना मोबाईलवर इंग्रजीत मेसेज येतो आणि नातू शाळेतून येईपर्यंत तो न वाचलेला राहतो. तीन राजवटी, तीन भाषा, आणि आबांच्या घरात दर पिढीला एक वाचून देणारा. काउंटरच्या पलीकडची भाषा कायम पलीकडचीच राहील एवढी काळजी प्रत्येकानं घेतली.

म्हणून नवशिक्यानं इथला एक धोका ओळखावा. उमरीकरांना इंग्रजी येत नाही म्हणून अडचण होते, असं त्याला वाटू लागतं. बॅग, पंप, लाईन, हाफ हे शब्द त्यांनी घेतले, ठोकून-ठाकून कामाला लावले आणि कोणाची परवानगी मागितली नाही. इंग्रजीशी त्यांचं वाकडं नाही. अडतं ते बिनधन्याच्या शब्दांपाशी. 'सर्व्हर डाऊन'चं उद्या सुंदर मराठी भाषांतर झालं, तरी आबांचा अंगठा जुळणार नाही आणि उद्या परत या असं सांगणाऱ्याचं नाव कळणार नाही.

उत्तरादाखल उमरीनं क्रियापदांचा आपला पहिला गट पाजळून ठेवला आहे. सर्व्हर 'होत' नाही तेव्हा तात्या 'करतो'. मॅनेज, ॲडजस्ट आणि सेटिंग हे शब्द ऐकून नाकं मुरडणाऱ्यानं एकदा आबांच्या मागं रांगेत उभं राहून बघावं. तात्या फुकट करत नाही आणि तात्या सगळ्यांचं करत नाही, हे आबांनाही माहीत आहे. पण त्याचं दार ठोठावता येतं.

स्वाध्याय

एकूण गुण ५०. वेळ : लाईन जाईपर्यंत. कॉपी आढळल्यास झेरॉक्स जप्त करण्यात येईल.

प्रश्न १. अर्थ सांगा : "चार बॅगा होत्या, बॅगला पाचच पडले, त्यातही मॉश्चर निघालं." या शेतकऱ्याचं सांत्वन कोणत्या शब्दांत कराल? (१० गुण)

प्रश्न २. चूक की बरोबर ते लिहा. (१० गुण)
अ) रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यास पेढे वाटावेत.
आ) डीपी बदलायला मोबाईल पुरतो.
इ) बारा लाखाचं पॅकेज हे पर्मनंटपेक्षा मोठं असतं.
ई) 'मिस्टर'पुढं नाव लावावं.

प्रश्न ३. 'लाईन' या शब्दाचा पाच अर्थांनी वाक्यात उपयोग करा. सहावा अर्थ सापडल्यास तो तात्यांना कळवा. (१० गुण)

प्रश्न ४. पेशंटला नांदेडला रेफर केलं आहे. रात्रीचे अकरा वाजले आहेत. पहिला फोन कोणाला माराल आणि का? (१० गुण. पुस्तकातलं उत्तर लिहिल्यास ० गुण.)

प्रश्न ५. पुढील वाक्यं खऱ्या कर्त्यासह पुन्हा लिहा : "होल्ड लागला." "फाईल पेंडिंग राहिली." "नाव रिजेक्ट झालं." (१० गुण)

सूचना : पाचव्या प्रश्नात 'वरून' किंवा 'सिस्टीमनं' हे कर्ते ग्राह्य धरले जाणार नाहीत. हुद्दा लिहिल्यास अर्धे गुण, नाव लिहिल्यास पूर्ण. ते नाव घेऊन जो काउंटरवर जाईल आणि आबांचं काम करून परत येईल, त्याला उमरीची इंग्रजी आली असं समजून प्रमाणपत्र देण्यात येईल. प्रमाणपत्र ऑनलाईन निघणार नाही. देणारा समोर बसून हातानं लिहील आणि खाली स्वतःच्या नावानं सही करील.